पंधरा दिवसांचं कुत्रं आणि सात महिन्यांची भीड



आज खरं तर आल्याच्या कंदकुजीवर लिहायचं होतं. तिघा-चौघांनी पिवळ्या पडलेल्या झाडांचे फोटो पाठवलेत, त्यांना उद्या सविस्तर सांगतो. आज दुसरंच लिहितो. गेल्या सात महिन्यांत ह्या पानावर टाकलेल्या बऱ्याच फोटोंत मागं एक काळं-तांबूस दांडगं कुत्रं दिसतंय आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंय, दादा कधी घेतलं, केवढ्याला घेतलं, पिल्लं मिळतील का. सगळ्यांना एकदाच उत्तर देतो. ते कुत्रं माझं नाही. आणि हे "माझं नाही" म्हणण्यातच माझं काय चुकलं, ते आज सांगायचं आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात असतो. यंदाच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन उंब्रजला आला. मागच्या सीटवर हे जर्मन शेफर्ड. नाव ब्रुनो, वय तीन वर्षं. सूनबाईची डिलिव्हरी जवळ आलेली, फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि हे अंगावर उड्या मारतं. "मामा, फक्त पंधरा दिवस. शेतावर मोकळं राहील, मजा येईल त्याला." सोबत खाद्याची एक पिशवी, एक साखळी, एक रबरी चेंडू. चहा पिऊन तो तासाभरात गेलासुद्धा. मी काय विचारलं? काहीच नाही. लस कधी दिली, काय खातं, कुणाला चावलंय का, पंधरा दिवस म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत, एक शब्द विचारला नाही. आक्काच्या पोराला हे कसं विचारायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

पहिल्या आठवड्यातच कळलं की हे जनावर वांड आहे. भाकरीला तोंड लावीना. रात्रभर भुंकायचं, त्यामुळं वस्तीवर कुणाला झोप नाही. दूध न्यायला येणाऱ्या पोराच्या मोटरसायकलमागं लागायचं, तो बिचारा एकदा कॅनसकट ओघळीत गेला. शेजाऱ्याच्या चार कोंबड्या मारल्या, त्यांचे पैसे दिले. एप्रिलच्या शेवटी आल्याची लागण केली. नवे गादीवाफे, वरून ठिबक, खाली गारवा. ह्याला उन्हाचा कडाका सोसवत नव्हता, अंगावर एवढी केसाळ कातडी. ते सुटलं की थेट वाफ्यात जाऊन खड्डा उकरायचं आणि त्यात पोट टेकून बसायचं. बेणं वर, कुत्रं खाली! लॅटरल तर अशा चावल्या होत्या की जोडण्या बसवून बसवून माझी बोटं सोलली. तेव्हा राग आला. आता कळतं, त्या नळ्यांत पाणी होतं आणि त्याला तहान होती. मी पाण्याची पाटी दिवसातून एकदा भरत होतो.

मग मी केलं ते जे सगळे करतात. बांधलं. गोठ्याच्या कडेच्या खांबाला, आधी लांब साखळीनं, कोंबड्यांच्या प्रकरणानंतर आखूड. जितकं बांधलं तितकं ते चिडकं झालं, आणि जितकं चिडकं झालं तितकं मी बांधलं.

त्या दिवसांत शेजारच्या रानात माणच्या बाजूची मेंढरं बसवली होती. त्यातला म्हातारा मेंढका एकदा पाणी न्यायला आला. त्याची दोन कुत्री मागं, गळ्यात खिळ्याचे पट्टे, पण आवाज नाही. त्यानं ब्रुनोकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्ये कुत्रं वांड न्हाई पावनं, रिकामं हाय." मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, ह्याला काय जातिवंत कुत्र्यातलं कळतंय. नंतर पटलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

इकडं पंधरा दिवस वाढत चालले होते. आधी बाळाचा सव्वा महिना होऊ दे. मग सोसायटीत कुत्र्यावरून वाद चाललाय, तो मिटू दे. मग जूनमध्ये त्याची बदली बेंगळुरूला झाली, घर लागू दे. प्रत्येक कारण खरं होतं, हे मी मान्य करतो. पोरगं लबाड नाही. पण प्रत्येक फोनच्या शेवटी "मामा, तिकडं मजेत असेल ना तो?" हे वाक्य असायचं, आणि मी "हो हो, मजेत आहे" म्हणायचो. हे माझं खोटं. खांबाला आखूड साखळीनं बांधलेलं कुत्रं मजेत नसतं.

आता मुख्य गोष्ट. नागपंचमीच्या आदल्या आठवड्यात आल्यात खुरपणी चालू होती. आमच्याकडं वर्षानुवर्षं येणाऱ्या एक मावशी पाणी प्यायला गोठ्याकडं आल्या. साखळीची कडी झिजलेली होती, ती मला दिसली होती, बदलू-बदलू म्हणून राहिली होती. कडी तुटली आणि कुत्र्यानं मावशींची पोटरी धरली. दोन दात आत गेले, रक्त आलं.

ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि ज्यांच्या घरी नाही, दोघांनीही हे नीट वाचा. बाकीच्या बाया चुना आणा, मिरची भरा असं म्हणत होत्या. आमच्या थोरल्या पोरानं कुणाचं ऐकलं नाही. त्यानं मोटारीच्या धारेखाली साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून जखम धुतली. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. पिसाळीचा विषाणू जखमेतून शिरेच्या वाटेनं मेंदूकडं जातो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, जवळपास कुणीच वाचत नाही. लुई पाश्चरनं 1885 साली पहिल्यांदा एका पोराला ही लस टोचली, म्हणजे 140 वर्षं होऊन गेली. तरी आपण अजून मिरचीवर आहोत. आरोग्य केंद्रात नेल्यावर लस सुरू झाली, आणि रक्त आलेलं म्हणून जखमेत भरायचं सीरमही द्यावं लागलं. मावशींच्या कार्डावर 0, 3, 7 आणि 28 असे दिवस लिहून दिले. बरं वाटलं म्हणून मधलं इंजेक्शन चुकवायचं नाही, हे तिथल्या सिस्टरनी तीनदा बजावलं.

डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला लस दिलेली आहे का? मी भाच्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी म्हणाला, "मामा, पुस्तिका पुण्याच्या सामानात पॅक आहे, बहुतेक दिलेली आहे." बहुतेक! दुसऱ्या दिवशी निरोप आला की गेल्या वर्षीची तारीख उलटून गेली होती, घाईत राहून गेलं.

मग दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवायची. चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत तो रोग नव्हता, असं धरतात. हे दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पहाटे उठून आधी गोठ्यात. पाणी पितंय का, लाळ गळत नाही ना, आवाज बदललाय का, भाकरी खाल्ली का. शिंकलं तरी पोटात गोळा. मावशींच्या घरी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. त्यांच्या घरचे एक शब्द वाकडा बोलले नाहीत, त्याचंच ओझं जास्त.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर बसून नेहमीचं गाऱ्हाणं लावलं होतं. कुत्रं माझं नाही, भाच्यानं आणून टाकलंय, मी तरी काय करू. मावशी म्हणाल्या, "दादा, कुत्रं तुमचं न्हाई म्हणून मला चावल्यालं कमी दुखतंय का?"

मी गप्प बसलो.

कायदाही मावशींच्याच बाजूचा आहे, हे नंतर एका ओळखीच्या वकिलाकडून कळलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा. ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्यानं माणसाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शब्द "ताब्यात" असा आहे. विकत कुणी घेतलं, नाव कुणी ठेवलं, फोटो कुणाच्या मोबाईलवर आहे, ह्याला तिथं किंमत नाही. साखळीचं दुसरं टोक ज्याच्या खांबाला, तो जबाबदार. आणि दुसरा एक जुना कायदा आहे, 1960 चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा. त्याच्या कलम 11 मध्ये जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं टाकून देणं गुन्हा आहे, आणि आखूड साखळीनं फार वेळ बांधून ठेवणंही गुन्ह्यात धरलंय. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवायला हवं, हेसुद्धा त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे भाचा एका ओळीत सापडतो आणि मी दुसऱ्या!

पैशाचंही सांगून टाकतो. भाच्यानं दोन हजार मोबाईलवर पाठवले, खाली हात जोडल्याचं चित्र. मावशींची बुडालेली रोजंदारी मी भरली, गाडीभाडं भरलं. हिशोब त्याला पाठवला नाही. का नाही पाठवला? पुन्हा तीच भीड.

दहाव्या दिवशी ब्रुनो नेहमीसारखाच उभा होता, शेपूट हलवत. मी त्याच्यासमोर पाटावर बसलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. गळ्याभोवतीचे केस साखळीनं झडलेले. कानात गोचीड. गोठ्यातल्या गाईंचे गोचीड त्याला, त्याचे पुन्हा गाईंना, असं चालू होतं आणि मी फवारा फक्त गाईंना मारत होतो, कारण गाई माझ्या.

तिथून पुढं जे केलं त्यात मोठं काही नाही. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून लस दिली, जंताचं औषध दिलं, गोचिडाचं इंजेक्शन दिलं. त्यांनी सांगितलं, कांदा-लसणाची आमटी घालू नका, मनुका-बेदाणा अजिबात नको, कुत्र्याच्या मूत्रपिंडावर जातं. आमच्या पोरांनी तासगावच्या बेदाण्याची मूठच्या मूठ लाडानं घातलेली, नशीब. बैलाला खळ्यावर घालायचो तसं मुसकं त्याच्या मापाचं शिवून घेतलं, पण डॉक्टर म्हणाले, जाळीचं घ्या, ह्यात त्याला तोंड उघडून धापता आलं पाहिजे, कुत्र्याला तोंडातूनच गार व्हायचं असतं. मग जाळीचं आणलं. आणि पहाटे पाच वाजता तारळीच्या कडेकडेनं घोटा भिजेपर्यंत चालायचं, जाऊन-येऊन तासभर. संध्याकाळी मोटार चालू करायला जाताना पुन्हा. महिन्याभरात रात्रीचं भुंकणं निम्म्यावर आलं. दूधवाल्या पोराच्या हातून रोज भाकरीचा तुकडा द्यायला लावला, आता गाडीचा आवाज आला की शेपूट हलतं. सगळं सुधारलं असं नाही. अजून अनोळखी माणूस गोठ्याकडं वळला की ते ताठ होतं, आणि बाया कामाला असतात तेव्हा ते जाळीच्या खोलीत असतं. मावशी त्या बाजूला फिरकत नाहीत, आणि मी त्यांना "आता काही करत नाही हो" असं कधीही म्हणत नाही.

मेंढक्याचं खरं होतं. रिकामं होतं ते.

आता जे मत मांडायला बसलो ते. पुण्या-मुंबईच्या आपल्याच पोरांना वाटतं की शेत म्हणजे कुत्र्याचा स्वर्ग. मोकळी हवा, पळायला जागा. अरे बाबांनो, शेतात तणनाशक असतं, उंदराचं औषध असतं, विहीर असते, रोटर असतो. आणि आमच्या भागात बिबट्या असतो. ऊस आता बारमाही आहे, बिबट्याही बारमाही आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेवरून तो काय खातो हे तपासलं होतं. त्याच्या खाण्यात वजनानं सगळ्यात मोठा वाटा, साधारण 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्या गावात कितीतरी जास्त, पण त्या रात्री कोंडलेल्या असतात. कुत्रं बाहेर असतं. बांधलेलं असलं तर त्याला पळताही येत नाही. बिबट्याच्या दृष्टीनं खांबाला बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढलेलं ताट. आणि तो कुत्र्याच्या वासावर वस्तीत आला की गोष्ट कुत्र्यावर थांबत नाही. 2021 च्या नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात येणक्याला ऊसतोड मजुराचं पाच वर्षांचं पोर गेलं, ते कोण विसरलंय?

म्हणून आमच्यापुढं पेच असा होता. रात्री मोकळं सोडावं तर रस्त्यावरच्या माणसावर जातं, बांधावं तर बिबट्याचं खाद्य. शेवटी गोठ्याच्या एका कप्प्याला चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारली, लोखंडी दार बसवलं. ह्या खर्चात कुट्टी मशीनचं पातं आणि मोटर दोन्ही झालं असतं. रात्रपाळीची लाइट असते त्या आठवड्यात मी त्याला दोरीला धरून पाणी पाजायला नेतो, तेवढी सोबत होते हे कबूल करतो. पण सोबत म्हणजे राखण नव्हे. माझा जीव वाचवायला मी ते नेत नाही, आणि त्याचा जीव घालवायलाही नाही. बॅटरी आणि मोबाईलवरची गाणी मोठ्यानं, ह्यावरच माझा जास्त भरवसा.

2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचे भटक्या कुत्र्यांचे निकाल आले, आधी 11 तारखेला दिल्लीतली उचलून निवाऱ्यात ठेवा, मग 22 तारखेला नसबंदी आणि लस करून पुन्हा त्याच भागात सोडा, पिसाळलेली आणि चावरी सोडून. टीव्हीवर आठवडाभर भांडणं चालली. ज्याला मालक नाही त्या कुत्र्यावर एवढी चर्चा. ज्याला मालक आहे, पण तो तीनशे किलोमीटरवर आहे, त्या कुत्र्याचं काय? हायवेच्या कडेनं आपल्याकडं पट्टा घातलेली किती कुत्री दिसतात ते बघा एकदा. ती सगळी कुणीतरी "शेताकडं सोडलेली" असतात. ऊसतोड टोळ्या हंगाम संपवून जातात तेव्हा एखाददुसरं मागं राहतं, पण त्या माणसांचं बिऱ्हाडच ट्रॅक्टरवर असतं, त्यांना मी बोलणार नाही. ज्याच्याकडं गाडी आहे, गाडीत एसी आहे, त्याला बोलतोय.

आणि आपल्यालाही बोलतोय. ठेवून घेणारा गप्प बसतो म्हणून ठेवणारा निर्धास्त होतो. पाहुण्यानं गाय आणून बांधली तर आपण पहिल्या मिनिटाला विचारतो, वेत कितवं, दूध किती, लाथ मारते का. कुत्र्याला का नाही विचारत? लसीची पुस्तिका हातात घेतल्याशिवाय साखळी हातात घ्यायची नाही, परत न्यायची तारीख कॅलेंडरवर त्याच्या देखत लिहायची, आणि चावलं-मारलं तर पैसे कोण भरणार हे चहाच्या आधी बोलायचं. नातं तुटतं असं वाटतं, पण तुटत नाही. मी सात महिने काही बोललो नाही, तेव्हाच ते जास्त कुरतडलं गेलं.

नसबंदीचं विचारलं तर भाचा म्हणाला, "राहू द्या मामा, जात चांगली आहे, पुढं पिल्लं काढता येतील." ह्यावर मी काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

भाऊबीजेला आक्का आली होती. ओवाळून झाल्यावर मीच विषय काढला. सगळं सांगितलं, मावशींचं, दहा दिवसांचं, जाळीच्या खर्चाचं. आक्का आधी म्हणाली, एका कुत्र्यावरून पोराला एवढं टोचून बोलायचं का. मग गोठ्याकडं जाऊन ब्रुनोच्या गळ्यावरची झडलेली जागा बघून आली आणि काही बोलली नाही. आमची आई मात्र तिच्या जागी पक्की. पालीचा खंडोबा इथून हाकेच्या अंतरावर, आणि तिच्या हिशोबात प्रत्येक कुत्रं खंडोबाचं. "बुरनूला कुठं घालवू नगा," एवढंच. तिला ब्रुनो म्हणता येत नाही.

त्याच रात्री भाच्याला फोन केला. दोनच रस्ते दिले. एक, तू ये, चार दिवस राहा, पहाटे पाचला माझ्याबरोबर चाल, त्याला हाताळायला शीक आणि घेऊन जा. दुसरा, तुला जमत नसेल तर तसं सरळ सांग, पुस्तिका आणून दे, मी उद्या नसबंदी करून घेतो आणि आजपासून कुत्रं माझं. मग वर्षानं "मामा, आता घर मोठं झालंय" म्हणत यायचं नाही. "तुझं, पण माझ्याकडं" हा तिसरा रस्ता बंद. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. बाळ रडत होतं मागं. मग म्हणाला, "मामा, मला खरंच माहीत नव्हतं इतकं झालंय." कसं माहीत असणार, मीच मजेत आहे म्हणत होतो.

रविवारी येतो म्हणालाय, चार दिवसांची रजा काढून. मावशींच्या घरी आधी जायचं, मग आमच्याकडं चहा, हे मी सांगून ठेवलंय. काय ठरतं ते बघू. तोवर पहाटेची फेरी माझ्याकडंच आहे, थंडी पडायला लागलीय, तारळीवर धुकं असतं. कंदकुजीचं उद्या लिहितो.